घरावरचा फाटलेला तिरंगा उतरवायचाय, पण गावात काय म्हणतील याची भीती वाटते

कातळावरचा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहूनच टाकतो. पक्षबिक्ष यात काही नाहीये हे आधीच सांगतो, आमच्या घरावरच्या झेंड्याचा प्रश्न आहे आणि मला खरंच सल्ला हवाय.

गाव देवगड तालुक्यात, वाडी वर कातळावर, समुद्र चालत दहा मिनिटांवर त्यामुळे वारा बाराही महिने. २०२२ ला हर घर तिरंगा सुरू झालं तेव्हा पोस्टातून २५ रुपयांचा झेंडा आणलेला, २० बाय ३० इंच, पॉलिस्टरचा. पडवीच्या खांबाला चिव्याची काठी बांधली आणि लावला. मी, बायको, दोन्ही पोरं, आम्ही सगळ्यांनी खळ्यात उभं राहून जन गण मन म्हटलं, खोटं नाही सांगत, अंगावर काटा आला होता. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरावर तिरंगा बघत होतो. तेव्हापासून दर ऑगस्टला नवा आणतो.

यंदाचा १३ ऑगस्टला लावला तो अजून वरच आहे. मग पाऊस, मग गणपती, मग कलमांच्या फवारणीची गडबड, उतरवायचा राहिला तो राहिलाच आणि आता नोव्हेंबर संपत आला. काल शिडी लावून जवळून बघितला. कडेची शिवण सुटून हिरवा पट्टा चार बोटं उसवलाय, केशरी रंग उडून जुन्या हळदीसारखा झालाय आणि चक्राची निळी शाई पांढऱ्यात उतरलीय, आरे मोजता येत नाहीत.

माझे बाबा ८१ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं मास्तर होते. ते दिवसातून दोनदा तरी म्हणतात, "तो झेंडो आधी खाली काढ, माका बघवत नाय." आणि ते का म्हणतात ते मला माहितीये, कारण मी लहानपणी बघितलंय. १४ ऑगस्टला संध्याकाळी शाळेच्या पत्र्याच्या पेटीतून खादीचा झेंडा निघायचा, डांबरगोळीचा वास यायचा त्याला. तांब्यात निखारे घालून बाबा स्वतः इस्त्री करायचे, आईला पण हात लावू द्यायचे नाहीत. मग घडी, आत जास्वंदीच्या पाकळ्या, आणि सरगाठ. त्या गाठीचं टेन्शन त्यांना रात्रभर असायचं कारण आपल्याकडचा ऑगस्ट म्हणजे तुम्हाला माहितीच आहे, दोर भिजून फुगला की गाठ आवळते आणि सगळ्या गावासमोर पाहुण्याने दोर ओढला की झेंडा सुटतच नाही. म्हणून पहाटे जाऊन कप्पीला खोबरेल लावून यायचे. आणि संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत परत शाळेत, तीन किलोमीटर, छत्री घेऊन, झेंडा उतरवायला. आमच्यासाठी १५ ऑगस्टची सुट्टी म्हणजे बाबा संध्याकाळी घरी नसणार हे ठरलेलं.

आता अडचण सांगतो. शेजारचे काका (माणूस चांगला, अडीअडचणीला पहिला धावून येणारा) म्हणाले आता काढू नको, २६ जानेवारीपर्यंत राहू दे, उगाच नाव येईल. गावाचा एक ग्रुप आहे, त्यात ऑगस्टमध्ये झेंडा लावलेल्या घरांचे फोटो टाकले होते आणि खाली कोणीतरी न लावलेल्या घरांची पण नावं लिहिली. त्यात एक चाकरमान्यांचं घर होतं, गणपतीलाच उघडतं, दाराला कुलूप, त्यांच्यावर पण कमेंट झाल्या. ते वाचून मला खूप वाईट वाटलं पण मी काही लिहिलं नाही, ते आजपर्यंत मनात आहे.

तर एक म्हणजे हा उतरवून नक्की काय करायचं, जाळायचा म्हणतात ते खरं का. आणि दुसरं, तुम्हाला पण असं वाटतं का की झेंडा वर्षातून दोन-तीनच दिवस, शाळेत नाहीतर पंचायतीसमोर दिसायचा तेव्हा तो जास्त जवळचा होता? मला हल्ली असं वाटतं आणि असं वाटतं म्हणून अपराधी पण वाटतं.

कोर्टगल्ली_रत्नागिरी

उतरवा. आजच उतरवा, काकांना माझं नाव सांगा हवं तर. मी वकील नाही पण कोर्टाबाहेर टायपिंग करण्यात २० वर्षं गेलीत, ही कलमं कितीदा बोटांखालून गेलीत.

ध्वजसंहितेत सरळ लिहिलंय की फाटका, चुरगळलेला झेंडा लावायचा नाही. म्हणजे आत्ता तो वर आहे हेच चुकतंय, उतरवणं नव्हे. आणि खराब झालेला झेंडा पूर्णच्या पूर्ण, खाजगीत, शक्यतो जाळून किंवा मान राखला जाईल अशा दुसऱ्या पद्धतीने नष्ट करायचा. खाजगीत हा शब्द महत्त्वाचा, कारण १९७१ चा राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाचा जो कायदा आहे त्यात सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांना दिसेल असा झेंडा जाळणं, फाडणं याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यामुळे खळ्यात नको, घरामागे, घरच्याच माणसांसमोर, आणि कृपा करून व्हिडिओ नको, चांगल्या मनाने काढलेला व्हिडिओ पण कोण कसा कापून फिरवेल सांगता येत नाही.

घरावर झेंडा लावलाच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. उलट तुमच्या-माझ्यासारख्याला लावता येतो हेच किती उशिरा मिळालंय. आधी सामान्य माणसाला ठराविक दिवस सोडून घरावर झेंडा लावता येत नव्हता. नवीन जिंदल यांनी रायगढच्या (छत्तीसगडमधलं, तेव्हा मध्य प्रदेशात होतं, आपलं रायगड नव्हे) कारखान्यावर झेंडा लावला, अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, ते कोर्टात गेले. १९९५ ला दिल्ली हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता आली आणि २३ जानेवारी २००४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मानाने झेंडा लावणं हा कलम १९ खालचा अभिव्यक्तीचा हक्क आहे, अर्थात बंधनं पाळून. हक्क म्हटला की तो वापरायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, त्या ग्रुपवर यादी करणाऱ्याने नाही. कुलूपबंद घराबद्दल वाचून मला पण त्रास झाला.

बाबांचं सूर्यास्ताचं म्हणाल तर त्यांच्या नोकरीभर तो नियमच होता. जुलै २०२२ मध्ये बदल झाला, आता उघड्यावर किंवा घरावर लावलेला झेंडा रात्री पण ठेवता येतो. पॉलिस्टर आणि मशीनवर केलेल्या कापडाला परवानगी त्याच्या आधी, डिसेंबर २०२१ ला मिळाली. हे दोन्ही बदल झाले म्हणून तर २५ रुपयांत घरोघरी गेला. तेव्हा रात्री ठेवला यात तुमची चूक काही नाही, फाटल्यावर ठेवला तेवढीच.

खाजणातला

आमच्याकडे पण सेम. तीन घरं सोडून एक आहे, आता नुसती दोन पट्ट्यांची चिंधी उरलीय, सांगायची हिंमत कोणाची होत नाही. वाचतोय.

हर्णै_बंदर

कातळावरचा भाऊ, तुम्ही घराचं बोलताय, आमच्या बोटींवर या बघायला.

नारळी पुनवेच्या आसपास सगळ्या बोटी सजतात, त्यातच १५ ऑगस्ट येतो, केबिनवर तिरंगा चढतो आणि मग तो कोणाच्या लक्षात राहत नाही. खाऱ्या वाऱ्यात कापड आधी पत्र्यासारखं कडक होतं, मग टोकाकडून दोरा दोरा सुटायला लागतो, माझा अनुभव आहे तीन आठवडे, त्याच्या पुढे जात नाही. आणि एकाच काठीवर वर भगवा नाहीतर मंडळाचा झेंडा, खाली तिरंगा. कोणाच्या मनात वाईट नसतं हो, जागा असेल तिथे बांधतात. पण तिरंग्याच्या वर किंवा बरोबरीला दुसरा झेंडा चालत नाही हे आमच्या म्हाताऱ्या तांडेलांना तोंडपाठ होतं आणि आमच्या पोरांना माहीत नाही. टपावर ताडपत्रीसारखा पसरून बांधलेला पण मी बघितलाय, बोटीवर तसा पांघरायला संहितेतच मनाई आहे. मी त्या बोटवाल्याकडे गेलो, म्हटलं दादा हा काढ, तो आधी चिडला, मग दोघांनी मिळून काढला. त्याला पण वाईट वाटलं, त्याने तो प्रेमानेच बांधला होता ना.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. २००८ च्या २६ नोव्हेंबरला ते लोक मच्छीमारांचीच बोट पळवून मुंबईत शिरले, त्यानंतर किनाऱ्यावरच्या आमच्या माणसाला ओळखपत्र घेऊनच समुद्रात जावं लागतं. गावात सागर सुरक्षा दल आहे, मी पण त्यात आहे, अनोळखी बोट दिसली की कळवायचं. त्याचा फोटो कोणी काढत नाही, काढायची गरज पण नाही. माझ्या घरावर यंदा झेंडा नव्हता कारण मी १५ ऑगस्टला समुद्रात होतो, वादळी वाऱ्याचा इशारा आला म्हणून १७ ला परत आलो. कोणी यादी केली असेल तर मी पण त्यात असेन.

अजून एक सांगतो, तुमच्या बाबांना सांगा. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन मालवणला झाला तेव्हा आम्ही घरची सगळी गाडी करून तारकर्लीला गेलो होतो. नौदलाचा नवा झेंडा आलाय ना, २ सप्टेंबर २०२२ ला विक्रांत दाखल झाली तेव्हा आला, इंग्रजांचा क्रॉस गेला आणि महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, तो बघायचा होता. आमच्या दारासमोर सुवर्णदुर्ग आहे, आम्हाला त्याचं किती वाटत असेल विचार करा. तर नौदलात अजून सूर्यास्ताला झेंडा उतरवतात, बिगुल वाजतो, सगळे सावधान. बाबांना म्हणावं तुम्ही छत्री घेऊन तीन किलोमीटर जायचात ते काही जुनं झालेलं नाही, एवढ्या मोठ्या नौदलात तेच चालतं.

मंडणगडची_नात

सगळ्यांचं वाचलं. कातळावरचा दादा, तुमच्या बाबांबद्दल वाचून डोळे भरून आले, पण "दोन-तीन दिवस दिसायचा तेव्हा जास्त जवळचा होता" हे मला पटत नाहीये आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, राग मानू नका.

जवळचा कुणाला होता? माझी आजी ७६ ची आहे. आमची वाडी गावाच्या टोकाला, बौद्धवाडी. आजी शाळेत गेली नाही. झेंडावंदनाला ती दरवर्षी जायची, पांढरं लुगडं नेसून, पण उभी राहायची कुंपणाला लागून शेवटी, कारण पुढे गावातली मोठी माणसं, सरपंच, मास्तर, देवस्थानवाले. पुढे येऊ नकोस असं कोणी म्हणत नव्हतं, पण ये असं पण कोणी म्हणत नव्हतं. दोराला हात लावायचा तर प्रश्नच नाही. साठ वर्षं तिने तो झेंडा लांबून बघितला.

२०२२ ला पंचायतीचा माणूस वाडीत झेंडे घेऊन आला तेव्हा मी घरीच होते. आजीने तो हातात घेतला, आधी पदराने हात पुसले, मग मधल्या चक्रावरून बोट फिरवलं, आणि म्हणाली हे आपल्या बाबासाहेबांनी ठेवलेलं चक्र. तिला कोणी वाडीतल्या सभेत सांगितलं होतं. मी मग तिला वाचून दाखवलं की झेंडा ठरवणाऱ्या समितीत बाबासाहेब सभासद होते, अध्यक्ष राजेंद्र प्रसाद, आणि २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने तो स्वीकारला, आधी मधे चरखा होता तिथे सारनाथच्या अशोकस्तंभावरचं चक्र आलं, २४ आऱ्यांचं. ती म्हणाली मग मला माहितीच होतं की. काठीला तिने स्वतः बांधला, माझी मदत घेतली नाही, गाठी तिला बैलाच्या दाव्याच्या येतात तसल्याच मारल्या, त्या सुटत नाहीत. आणि दारासमोर खुर्ची टाकून दिवसभर बसली.

तर पॉलिस्टरचा असू दे, २५ रुपयांचा असू दे, माझ्या आजीच्या हातात तो त्यामुळे आला. पूर्वी झेंडा जपला जायचा हे खरं पण तो काही हातांतच होता, हे पण खरं. तुमच्या बाबांचा दोष नाही यात, त्यांनी शाळेत नक्कीच आमच्यासारख्या पोरांना पण पुढे उभं केलं असेल.

फाटलेला उतरवा मात्र, आजी पण तेच म्हणाली. ती दरवर्षी १६ तारखेला सकाळी काढते, साबणाशिवाय नुसत्या गोड्या पाण्यातून काढून सावलीत वाळवते, बाबासाहेबांच्या फोटोखालच्या कपाटात ठेवते. २०२२ चा तोच झेंडा अजून चालतोय, एक टाका सुटलेला नाही.

कातळावरचा

राग कसला ताई. मी दोन वेळा वाचलं आणि मग बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्या शाळेत पण कुंपणाक लागान उभे रवायचे. माका दिसायचा. मी कधी पुढे बोलावलंय नाय." एवढंच बोलले आणि आत गेले. मला वाटतं तुमच्या आजींना हे कळवावं म्हणून लिहिलं. माझं ते वाक्य मी मागे घेतो.

खाडीपलीकडे

मी श्रीवर्धन तालुक्यातला, मोहल्ल्यातला. सहसा अशा विषयावर लिहीत नाही पण इथे सगळे नीट बोलताहेत म्हणून लिहितो.

माझे अब्बा ३० वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनात होते. भारतीय व्यापारी जहाजाचा झेंडा वेगळा असतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, लाल कापड आणि वरच्या कोपऱ्यात छोटा तिरंगा. अब्बा सांगतात परदेशी बंदरात आठ-आठ महिने घरचं तोंड नाही, आणि लांब धक्क्यावर तो लाल झेंडा दिसला की खलाशी कठड्याशी यायचे, त्या जहाजावर कोण आहे माहीत नाही, पण आपलं आहे. आमच्या घरात झेंड्याचं प्रेम असं आलंय.

१९९३ ला आमच्याच किनाऱ्यावर, शेखाडीला, आरडीएक्स उतरलं. मी लहान होतो. त्यानंतर कित्येक वर्षं मुंबईत गावाचं नाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलायचा. ज्यांनी केलं त्यांनी केलं, ओझं किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराने उचललं. त्यामुळे कातळावरचा दादा, तुमची भीती मला कळते, फक्त एक फरक आहे. तुमच्या घरावर झेंडा नसला तर विसरले असतील म्हणतील. आमच्या घरावर नसला तर विसरले असतील असं कोणी म्हणत नाही. आमच्या गल्लीत १२ ऑगस्टच्या रात्रीच सगळ्या घरांवर झेंडे चढतात, त्यात प्रेम आहे, नक्की आहे, पण घाई कशाची आहे ते पण आम्हाला माहितीये. मला तो माझ्या मनाने लावायचाय, कोणी मोजतंय म्हणून नाही, एवढंच मागणं आहे.

घडीचं कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो, अम्मी करते तशी. झेंडा आडवा धरायचा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागे दुमडायचा, मग दोन्ही बाजूंनी मधे आणत जायचं, शेवटी वर चक्र आणि थोडा केशरी, थोडा हिरवा एवढंच दिसलं पाहिजे. तळहातावर घेऊन आत न्यायचा. आम्ही १५ लाच मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजच्या, आधी उतरवतो, अब्बांची जहाजावरची सवय.

आंबोली_घाटावरून

माझा भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत होता. २००१ मध्ये काश्मीरमधून परत आला तो पेटीतूनच. जास्त लिहीत नाही त्याबद्दल.

पेटीवरचा तिरंगा अग्नी द्यायच्या आधी काढतात, चितेवर जाऊ देत नाहीत. घडी करून साहेबांनी आईच्या हातात दिला. तेव्हापासून तो आमच्या लोखंडी ट्रंकेत आहे. आंबोलीचा पाऊस म्हणजे ट्रंकेतल्या कपड्यांना पण बुरशी धरते, म्हणून आई दर दसऱ्यानंतर पहिलं कडक ऊन पडलं की दार लावून घेते, खाटेवर धुतलेली पांढरी चादर घालते आणि त्यावर तो झेंडा उघडून ठेवते, खिडकीतून ऊन येईल असा. दोरीवर घालत नाही. दुपारभर ती शेजारी बसून असते. एका कोपऱ्यात घडीच्या रेषेवर सुती धागा विरळ झालाय, तिथे ती हात लावत नाही.

गावातले लोक चांगल्या भावनेने म्हणाले की १५ ऑगस्टला तो घरावर लावा, आम्ही कार्यक्रम करू, आई नाही म्हणाली. म्हणून त्या दिवशी आमच्या घरावर झेंडा नसतो. अजूनपर्यंत आम्हाला कोणी विचारलं नाही. पण मुंबईहून नवीन आलेल्या एकाने यंदा विचारलं, "काय हो, तुमच्याकडे नाही लावला?" आईने त्याला आत बोलावून चहा दिला, काही सांगितलं नाही.

बांद्याची_मावशी

या पोरीच्या आईला माझा नमस्कार सांगा.

मी बांद्याची. गोव्याच्या हद्दीवरची पत्रादेवी आमच्यापासून अगदी जवळ, तेव्हा तिकडे पोर्तुगीज होते. १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेले सत्याग्रही इथून हातात तिरंगा घेऊन हद्द ओलांडून गेले, बंदूक नाही, काठी नाही, फक्त झेंडा, आणि पलीकडून गोळ्या झाडल्या. पंजाबचा कर्नेल सिंग तिथेच पडला, कुठे पंजाब आणि कुठे आमचा हा पाऊस. माझी आई तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली, आदल्या रात्री वाडीतल्या बायकांनी भाताची पेज शिजवून त्यांना वाढली होती. आई सांगायची त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे झेंडे भिजून अंगाला चिकटले होते, चुलीशेजारी वाळत घातले होते. सकाळी कोणता कोणाचा ओळखू येईना म्हणून हाताला लागला तो घेऊन गेले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा सुटला तेव्हा ती पत्रादेवीला जाऊन फुलं ठेवून आली.

बाकी कायद्याचं वगैरे वर त्या कोर्टगल्लीवाल्यांनी सांगितलंच आहे. काकांना म्हणावं फाटका ठेवून नाव राहत नाही.

कातळावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते सांगतो.

रविवारी सकाळी उतरवला. मी शिडीवर, बाबा खाली दोन्ही हात पुढे करून उभे, जमिनीला लागू नये म्हणून. मिठाने कडक झालेला, त्यांनी तो गोड्या पाण्यातून काढला आणि वाळवला, मी म्हटलं आता नष्टच करायचाय तर कशाला, तर म्हणाले, "असोच कसो देतलंय?" मग खाडीपलीकडेच्या अम्मीच्या पद्धतीने घडी घातली. घरामागे रातांब्याच्या झाडाखाली खड्डा करून नारळाची सोडणं पेटवली आणि बाबांनी त्यात ठेवला. पॉलिस्टर असल्यामुळे खादीसारखी राख होत नाही, वितळून काळा गोळा होतो आणि धूर डोळ्यांना झोंबतो, हे ज्यांना करायचंय त्यांनी लक्षात घ्या आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा. सगळा जळेपर्यंत बाबा सावधान उभे होते, ८१ व्या वर्षी, काठी न धरता. मग राहिलं ते तिथेच पुरलं.

काकांना मी स्वतः जाऊन सांगितलं, लपवलं नाही. ते म्हणाले बरं केलंस, माझा पण उसवलाय, मला शिडी दे. आणि ग्रुपवर मी एकच ओळ लिहिली, की पुढच्या वर्षी न लावलेल्या घरांची नावं कोणी टाकू नका, कोण समुद्रात असतं, कोण मुंबईत असतं, कोणाच्या घरी ट्रंकेत असतो. चार जणांनी अंगठा दाखवला, एकाने ग्रुप सोडला, बाकी शांत. त्याचं मला वाईट वाटलं पण लिहिलं ते बरं झालं.

२६ जानेवारीसाठी बाबांना खादीचाच हवाय, ९०० बाय ६०० मिलिमीटरचा, हुबळीजवळच्या बेंगेरीला मानांकन असलेले झेंडे होतात तिथला मागवायचा विचार आहे. काठी अंगणातच उभी करणार, दोर बाबा बांधणार, ओढणार कोण ते त्यांनी ठरवलंय पण मला सांगत नाहीत. वाडीच्या टोकाच्या घरी दोनदा जाऊन आलेत एवढं मला माहितीये.

फक्त एक अडलंय. शाळेत लोखंडी कप्पी होती, ती दरवर्षी गंजायची. आमच्याकडे हार्डवेअरला तसलीच मिळते. खाऱ्या हवेत टिकेल अशी कुठे मिळेल? आणि दोर कसला घेऊ?

हर्णै_बंदर

पितळेची घ्या, बोटीच्या सामानाच्या दुकानात मिळते, देवगड बंदरात चौकशी करा, एक इंची पुरे. दोर सुती नको, भिजला की फुगतो, बाबांना माहितीच आहे. नायलॉनचा पण गुळगुळीत नको, सरगाठ धरत नाही, आपोआप सुटते. आम्ही जाळ्याला वापरतो तो पिळाचा बारीक दोर घ्या, एक रात्र पाण्यात भिजवून उन्हात ताणून ठेवा म्हणजे ताठपणा जातो. नाही मिळाला तर सांगा, आमच्या गावचा एकजण पुढच्या आठवड्यात देवगडला येतोय, त्याच्याबरोबर दहा मीटर पाठवून देतो.